चौकटीची मागची बाजू

शाळेत त्यांना सगळे बाणबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. कारण त्यांच्या खोलीत भिंतभर एक तक्ता होता. मधोमध 'शाळा संपली' असं लिहिलेलं वर्तुळ आणि त्यातून चहूकडे सुटलेले रंगीत बाण: कारखाने, दवाखाने, बागा, चित्रशाळा, बँका, कचेऱ्या. शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक पोराला यातल्या एका बाणावर बसवून रवाना करायचं, हे बाईंचं काम. मुळात त्या भूगोलाच्या. पण अकरा वर्षांपूर्वी भूगोलाचे तास कमी झाले आणि रिकामा शिक्षक कुठल्याच मुख्याध्यापकाला बघवत नाही, म्हणून मार्गदर्शनाचं लोढणं त्यांच्या गळ्यात पडलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला ताप आल्याचा निरोप आला म्हणून त्या अर्ध्यातून उठून घरी आल्या. त्या दुपारी काय शिकवलं हे त्यांनी पुढे कुणाला विचारलंही नाही. तेव्हाच एकवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला विचारायची लाज वाटते.

प्रशिक्षणाबरोबर एक खोकं मिळालं होतं. त्यात कल चाचणी होती. पोरांनी शंभरेक प्रश्न वाचायचे आणि आपल्याला पटेल तिथे चौकोनात फुली मारायची. चौकोनांचे पाच उभे रकाने असत, पण कुठला रकाना कशाचा हे पोरांपासून लपवलेलं असे. ते सांगायची कागदाची एक चौकट. ती उत्तरपत्रिकेवर ठेवली की पाच खाचांतून पाच रकाने दिसत आणि खाचांच्या डोक्यावर छापलेलं असे: यंत्रं, निसर्ग, माणसं, कला, कचेरी. फुल्या मोजायच्या. जिथे जास्त, तिकडे पोराचा कल. इतकं सोपं की बाईंनाच आश्चर्य वाटलं होतं. शेजाऱ्याचं बघून फुल्या मारू नयेत म्हणून पत्रिका दोन प्रकारच्या होत्या. विषम क्रमांकाला क, सम क्रमांकाला ख.

आता शिक्षकाच्या हाताला एक खोड असते. कागद दिसला की तो पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही. चौकट पातळ होती, दोन वर्षांत फाटली असती. तिच्या मागेही तेच पाच शब्द छापलेले दिसले, तेव्हा बाईंना वाटलं, छापणाऱ्याची शाई जास्त झाली असेल. त्यांनी जाड पुठ्ठा घेतला, भरपूर डिंक लावला, खाचा ब्लेडने नीट कापून घेतल्या. असा टिकाऊ, देखणा पुठ्ठा झाला की मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तो दुसऱ्या शिक्षकांना दाखवला होता.

गुरुवारी दुपारी तो पुठ्ठा सुटला. अकरा वर्षांचा डिंक, त्याने तरी किती दिवस धरून ठेवायचं? बाई निकालपत्रकांवर सह्या करायला बसल्या होत्या, पुठ्ठा उचलला तर चौकट अलगद हातात आली, उलटी. मागच्या बाजूच्या कोपऱ्यात छोटंसं ख होतं. शब्द तेच पाच होते, पण क्रम उलटा: कचेरी, कला, माणसं, निसर्ग, यंत्रं. त्यांनी चौकट सरळ केली. या कोपऱ्यात क होता. तो त्यांनी अकरा वर्षं पाहिला होता आणि कधी वाचला नव्हता.

ख च्या पत्रिकेला चौकट उलटी ठेवायची असते. एवढंच शिकवलं होतं त्या दुपारी.

अकरा वर्षं, दर वर्षी निम्मा वर्ग. ज्याचे हात यंत्रांत रमतात तो कचेरीत पाठवला, जी कचेरीत शोभली असती ती कारखान्यात. झाडांमागे धावणारं पोरगं चित्रशाळेत, चित्रं काढणारं बागेत. फक्त माणसांचा रकाना मधोमध असल्यामुळे वाचला होता. काही पालक कुरकुरले होते, नाही असं नाही. पण बाई शांतपणे म्हणत, "हे मी नाही म्हणत, चाचणी म्हणते," आणि पालक गप्प बसत. छापील कागदापुढे भलेभले गप्प बसतात.

त्या पुठ्ठा घेऊन मोठ्या सरांकडे गेल्या. यंदाच्या चौऱ्याऐंशी मुलांची पत्रकं उद्या बारा वाजता शिक्षण खात्याचा माणूस घेऊन जाणार होता. त्यावरून कुठल्या पोराला कुठल्या संस्थेत जागा, हे ठरायचं. बाईंची सही नसली तर पत्रक चालत नसे.

मोठ्या सरांनी चौकट दोन्ही बाजूंनी पाहिली. मग उठून दार लावून घेतलं.

"पालकसभेत हे निकाल आपण वाचून दाखवलेत, बाई. आता बदलायचे म्हणजे का बदलले ते सांगावं लागणार. आणि एकदा सांगितलं, की मागची दहा वर्षं दारात येऊन उभी राहतील."

"पण बेचाळीस मुलं आहेत, सर."

"झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांनी चौकट टेबलावर ठेवली. "आणि वाईट कुणाचं झालंय? सगळी पोरं कामाला लागली, संसार करतायत. अकरा वर्षांत एक तक्रार नाही. एक माणूस दाखवा मला, बाई. एक. जो इथे उभा राहून म्हणेल की या चाचणीनं माझं नुकसान झालं. लगेच पत्रकं थांबवतो."

सर वाईट नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती एवढंच.

घरी जायचा रस्ता दहा मिनिटांचा, पण त्या दिवशी तो संपेना. औषधांच्या दुकानातून कुणीतरी हात केला, "बाई, बऱ्या आहात ना?" पोस्टातल्या खिडकीतली मुलगी मान वर करून हसली. सायकलच्या दुकानातल्याने उठून नमस्कार केला. "तुम्ही सांगितलंत म्हणून इथे आलो, बाई," तो नेहमीसारखाच म्हणाला. एरवी हे ऐकून बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज त्या प्रत्येकाचा हजेरी क्रमांक आठवायचा प्रयत्न करत होत्या. सम की विषम? मान वर करायची सोय राहिली नाही. सगळं गावच जणू त्यांनी भरलेलं पत्रक होतं.

मोठ्या सरांना हवा असलेला एक माणूस त्यांना ठाऊक होता. तो संध्याकाळी साडेसहाला घरी यायचा, बूट न काढता दहा मिनिटं दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा आणि मग म्हणायचा, "आई, चहा असला तर दे."

मुलगा त्यांच्या पहिल्याच तुकडीत होता. लहानपणी त्याला घरात खटपट्या म्हणत. घड्याळ म्हणू नका, पंखा म्हणू नका, जे हाती लागेल ते खोलायचा, आणि पुन्हा जोडायचाही. त्याला यंत्रशाळेत जायचं होतं. दोन गल्ल्या पलीकडेच होती, तो सुट्टीत तिच्या खिडकीशी उभा राहायचा. बाईंना मात्र वाटे, बिनबापाचं पोरगं, हात काळे करत कशाला फिरेल? कचेरीत पंख्याखाली बसलेलं बरं. तेवढ्यात चाचणी आली. यंत्रं चार, कचेरी एकवीस. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. मनासारखं आलं की कुणी पडताळून पाहत नाही. मुलाने कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "असं आहे होय?" त्यानंतर त्याने घरात काही खोललं नाही. आता सहा वर्षं तो विमा कचेरीत दाव्यांचे अर्ज तपासत होता.

बाईंनी घरच्या कपाटात जपून ठेवलेली ती पत्रिका काढली. हजेरी क्रमांक अठरा. सरांच्या टेबलावरून परत आणलेली चौकट ठेवली, या वेळी उलटी. यंत्रं एकवीस, कचेरी चार. मोजायचीही गरज नव्हती खरं तर.

तो आला, खुर्चीवर बसला. बाईंनी चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. पुठ्ठा, डिंक, ती दुपार. ताप कुणाला आला होता ते मात्र गाळलं. चहावर साय धरली.

"म्हणजे मला कचेरीचं काम जमायला हवं, असं नव्हतंच?" शेवटी त्याने विचारलं.

"नव्हतं रे बाळा."

"आणि मला वाटत होतं माझ्यातच खोट आहे. चाचणीत एकवीस आले आणि तरी जमत नाही, म्हणजे आपणच कामचुकार." तो हसल्यासारखं करून थांबला. "आई, तू नुसतं नको म्हणाली असतीस ना, तर मी भांडलो असतो. आदळआपट केली असती, दोन दिवस जेवलो नसतो. तुझ्याशी भांडता आलं असतं. कागदाशी कसं भांडणार?"

बाईंना रडू आलं, पण रडून मोकळं व्हायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी पदराने कप पुसला, जो ओला नव्हता.

"मग आता मला सांगून काय करू मी?" तो म्हणाला. "सत्ताविसाव्या वर्षी यंत्रशाळेत जाऊन बसू? ते सोळा वर्षांच्या पोरांना घेतात."

"तुझ्यासाठी आता काही होणार नाही, मला कळतंय. पण बेचाळीस पोरं आहेत. सर म्हणतात, एक माणूस आणून दाखवा." बाईंना स्वतःचीच लाज वाटली. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडेच मागणं मागायचं. "येशील का उद्या? नुसतं सांग, काय झालं ते."

मुलगा उठला आणि आता कुठे त्याने बूट काढले. "दहाला ऑफिस असतं," तो म्हणाला. मग आतून आवाज आला, "साडेनऊला येतो."

शुक्रवारी साडेनऊला तो आला, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. मोठ्या सरांनी त्याला ओळखलं. "अरे वा! ये, बस. विम्यात आहेस ना? शाबास." टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता आणि त्यावर बाईंसाठी पेन. "तुझी आई म्हणते, आपल्या चाचणीनं तुझं नुकसान झालं. सांग बघू मोकळेपणानं. काय वाईट झालं तुझं?"

मुलगा उभा राहिला. शाळेत असताना उभा राहायचा तसाच, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. त्याने आईकडे पाहिलं, मग सरांकडे. तोंड उघडलं.

"तसं काही वाईट नाही, सर," तो म्हणाला. "ठीक चाललंय."

"बघा!" मोठे सर खुर्चीत मागे टेकले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "सांगत होतो ना मी? करा सह्या, बाई."

बाईंनी पोराकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. हे वाक्य तो रोज म्हणत असणार. साहेबाला, शेजारच्या टेबलावरच्याला, रस्त्यात भेटलेल्या मित्राला, आणि घरी येऊन आईलाही. सहा वर्षं बाईंनी ते ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

त्यांनी पेन उचलून बाजूला ठेवलं.

"एक माणूस मागितला होतात ना, सर? हा बघा. अजून तोंडातून शब्द फुटत नाहीये त्याच्या." त्यांनी पेन आणखी लांब सरकवलं. "मी सही करणार नाही. तुम्ही पालकांना काय सांगायचं ते सांगा. सगळं माझ्यावर ढकला, मी नाही म्हणणार नाही. मागच्यांचंही मीच निस्तरेन, दारोदार जाऊन. पण ही बेचाळीस आत्ता पुन्हा मोजते."

"बाराला माणूस येणार आहे!"

"अडीच तास आहेत."

उत्तरपत्रिकांचं कपाट सरांच्याच खोलीत होतं. बाईंनी ख च्या पत्रिका काढल्या, सरांच्या टेबलावर जागा केली, चौकट उलटी ठेवली. मोठे सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. घड्याळाकडे बघत राहिले. मुलगा अजून उभाच होता. बाईंनी निम्मा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

"थांबलास तर एवढ्या तू मोज. लवकर होईल."

मुलाने गठ्ठ्याला हात लावला नाही.

"मोजायचं मला देऊ नकोस, आई," तो म्हणाला. मग सरांकडे वळून, अगदी हळू आवाजात, "माझे आकडे चुकतात, सर. रोज चुकतात. शेजारचा गुपचूप दुरुस्त करून देतो, म्हणून नोकरी टिकलीय. मला त्या खुर्चीत बसवत नाही. सहा वर्षं झाली, मला एक दिवससुद्धा तिथे बसवलं नाही."

बाईंनी पहिल्या पत्रिकेच्या फुल्या अर्ध्या मोजल्या होत्या, त्या कितीपर्यंत आल्या होत्या ते त्यांना आठवेना. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.