रपट्यापलीकडचा सुविचार

"अवो, त्या फळ्यापाशी पुतळ्यावानी काय उभे राह्यले? चहा थंडा होऊन राह्यला ना जी!" फाटकातून रुखमाबाई ओरडल्या.

रुपरावांनी मागे न बघता हातानंच 'थांब' म्हटलं. त्यांच्या बोटांत खडू होता आणि समोर गोकुळपुरीचा फळा. फळ्यापुढे नाला, नाल्यावर बुटक्या पुलासारखा रपटा, आणि रपट्याच्या पलीकडच्या टोकाला श्रावस्तीनगरचा फळा. तो कोरा होता. दिवाळीपासून कोराच होता.

"बिमार माणसाले शिव्या द्याले शरम नाही वाटत?" रुखमाबाई आता जवळच येऊन उभ्या राहिल्या.

"शिव्या नाही वं. सुविचार."

मनीषनगरच्या पलीकडे, जिथे त्या काळी तूर आणि कोल्हे यांच्याशिवाय कोणाची वस्ती नव्हती, तिथे दोन गृहनिर्माण सोसायट्यांनी एकाच उन्हाळ्यात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. नाल्याच्या अलीकडे गोकुळपुरी, पलीकडे श्रावस्तीनगर. गोकुळपुरीत गाय नव्हती आणि दोन्हीकडे नगर नव्हतं. पण लेआऊट म्हटला की नाव आधी येतं, वीज मागाहून. अलीकडे पहिलं घर बांधलं रुपरावांनी. ते एसटीच्या डेपोत गाड्यांच्या पाट्या रंगवत. उमरेडच्या 'उ'ला त्यांच्यासारखा ऐटदार फराटा साऱ्या विभागात कोणी काढत नसे. पलीकडे पहिलं घर आनंदरावांचं. ते तार खात्यात होते. तारेत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे आनंदराव घरातही कमी बोलत.

दोघांपैकी आधी कोण आलं, यावर भांडण सुरू झालं आणि ते दोन्ही नगरांच्या चांगलंच पथ्यावर पडलं. इकडे विजेची डीपी बसली की तिकडचे लोक दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन धावत. तिकडे विहार उभा राहिला की इकडे मंदिराची वर्गणी सुरू होई. पहिली घरफोडी श्रावस्तीनगरात झाली, तेव्हा तिकडच्यांनी ती छाती फुगवून सांगितली, आणि गोकुळपुरी आठवडाभर खाली मान घालून हिंडली. चोरांनाही आपली वस्ती दिसू नये!

या युद्धाच्या तोफा म्हणजे हे दोन फळे. 'आजचा सुविचार' या मथळ्याखाली रुपराव लिहीत: 'ज्यांच्या नगरात डांबरी रस्ता नाही, त्यांनी निदान चारित्र्य गुळगुळीत ठेवावे.' सकाळी दूध आणायला निघालेले लोक रपट्यावर थांबून उत्तराची वाट बघत. पलीकडे आनंदराव लिहीत: 'डांबर रस्त्याला शोभते. तोंडाला नाही.' पाच शब्द. रुपराव दिवसभर चडफडत, आणि रात्री अंथरुणात रुखमाबाईंना म्हणत, "पण लिहिलं मस्त हां बुढ्यानं."

दिवाळीत आनंदरावांना लकवा मारला. धंतोलीच्या एका दवाखान्यातून ते घरी आले ते उजवा हात तिथेच ठेवून आल्यासारखे. वाचाही जवळजवळ गेली. रुपरावांनी आधी सभ्यपणा म्हणून फळा बंद ठेवला, मग माणूस चिडून तरी उठेल म्हणून एकाहून एक जहाल सुविचार लिहिले. पलीकडून काही आलं नाही. मित्र गेला तर चार माणसं सांत्वनाला येतात. वैरी खचला तर कोणी विचारायलाही येत नाही, ही अडचण त्यांना आता कळत होती.

त्या सकाळी आनंदरावांची सून माया दुधाची पिशवी घेऊन रपट्यावरून आली.

"जय भीम, काका."

"जय भीम, बाई. कसे हायेत आमचे दुश्मन?"

मायानं नेहमीसारखं हसायचा प्रयत्न केला. "खातही नाही, हातपाय हलवाचे व्यायामही करत नाही. तुमचा फळा वाचतेत, मंग आपल्या कोऱ्या फळ्याकडं पाह्यतेत, आन तोंड भिंतीकडं फिरवतेत. डॉक्टर म्हणते, माणसानंच ठरवलं असंन तर औषध काय करंन?"

ती गेली. रुपरावांनी खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "चुकलं वं. मी गोळ्या झाडून राह्यलो, आन त्याच्या हातात बंदूकच नाही."

"आता कुठं निघाले? चहा?"

"त्याची बंदूक चालवाले."

रुपराव रपटा ओलांडून गेले. मायानं आनंदरावांची चाकांची खुर्ची ओट्यापुढे आणली. फळा तिथून चार पावलांवर होता. आनंदरावांच्या दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. त्यांनी रुपरावांकडे असं पाहिलं, जणू शत्रूनं भर दुपारी किल्ल्यात येऊन पाणी मागितलं आहे.

"सांग गा, काय लिहू?" रुपराव म्हणाले. "तुह्या बाजूनं लिहितो. माह्याविरुद्ध."

रुपरावांनी फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि आपल्या ऐटदार अक्षरात लिहिलं: 'गोकुळपुरीचे लोक बोलतात फार.'

खुर्चीतून घरघर ऐकू आली. मग आनंदरावांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून एक शब्द मोठ्या कष्टानं बाहेर पडला.

"फु... सका."

माया खुर्चीशी वाकली. "काका! बाबा बोलले!"

"बोलले कुठं? इज्जत काढली माही," रुपराव म्हणाले, आणि पटकन फळ्याकडे वळले. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं: 'गोकुळपुरीच्या रुपरावांचे पोट नगराच्या हद्दीबाहेर गेले आहे.'

"फुसका." या खेपेला शब्द अखंड होता.

"अबे, मंग किती जोराचा पाह्यजे तुले?"

आनंदरावांनी डोळे त्यांच्यावर रोखले. त्या नजरेत जुनी धार होती, आणि ती बोथट होऊ द्यायची नसेल तर आता खरोखर लागेल असंच काहीतरी लिहायला हवं, हे रुपरावांना कळलं. असं एकच होतं. आनंदरावांनी ते एवढ्या वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात गोकुळपुरीच्या बोअरला धूळ लागली होती. श्रावस्तीनगरच्या बोअरला पाणी होतं. रुखमाबाईंना तेव्हा दिवस गेले होते. आनंदरावांनी न विचारता एक पाईप नाल्यातून रुपरावांच्या टाकीपर्यंत आणून टाकला. रुपरावांनी तो तुरीच्या काड्यांखाली झाकून ठेवला. गावाकडचे पाहुणे येत, पाणी पीत, गोड आहे म्हणत, कुठलं आहे विचारत. रुपराव सांगत, टँकरचं. टँकरला जात नसते, त्यामुळे पाहुणे निर्धास्त पीत. त्या काड्या आनंदरावांना रोज आपल्या ओट्यावरून दिसत असणारच. पावसाळ्यात त्यांनी पाईप गुंडाळून नेला आणि फळ्यावर त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. डांबरावर लिहिलं, पोटावर लिहिलं, पाण्यावर कधीच नाही.

रुपरावांनी फळा पुन्हा पुसून कोरा केला. रपट्यावर आता दोन्हीकडची माणसं थांबली होती. शत्रूच्या फळ्यावर रुपराव काय करताहेत हे बघायला गोकुळपुरीची शोभाताई तर झाडू हातात घेऊनच आली होती. हे अक्षर कोणाचं, हे साऱ्यांना ठाऊक होतं. रुपरावांनी लिहिलं:

'गोकुळपुरीने पहिले पाणी श्रावस्तीनगरातून उसने आणले.'

ते बाजूला झाले. या खेपेला खुर्चीतून 'फुसका' आलं नाही. आनंदरावांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग डाव्या हातानं मायाला खूण केली. मायानं खुर्ची फळ्यापर्यंत ढकलली. आनंदरावांनी डावा हात उचलला. तो मध्येच खाली आला, त्यांनी पुन्हा उचलला, फळ्यावर टेकवला आणि तळव्यानं एक शब्द पुसला.

'उसने.'

"काहून गा?" रुपरावांनी हळूच विचारलं.

"उसनं... नोतं," आनंदराव म्हणाले. आणि दमून मागे टेकले.

रुपरावांचा मुलगा सुशील कामावर निघाला होता. त्यानं गर्दी बघून स्कूटर रपट्यावर थांबवली, फळा बघितला, मग बापाकडे बघितलं.

"बाबा, हे तुमीच लिहिलं? आपलं पाणी... इथलं होतं?"

"हो. तू पोटात होता तवाचं."

"आन मधात काही सुटलं काय? जागा दिसून राह्यली."

"नाही," रुपराव म्हणाले. "पुरं हाय."

सुशीलनं स्कूटर बंद केली. लोक ऐकत होते, म्हणून असेल, त्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली. जिथं जागा होती तिथं तो जरासा थांबला, आणि मग पुढचा शब्द वाचला.