माझ्या पोटातून न गेलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाणी साठवणारी नव्हे, पाणी शुद्ध करणारी. आणि आधीच सांगते, मी रागात आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर शाळेच्या घंटेकडे जा.

कारखान्यात माझ्या पोटात खडी, वाळू आणि कोळशाचे थर भरले. शाळेच्या स्वयंपाकघरामागे मला बसवलं एका बाईंनी. त्यांच्याकडे पाणी शुद्धीकरणाचा परवाना होता. त्यांनी आधी विहिरीचं पाणी तपासलं, मग मला जोडलं, माझ्यापुढे जंतू मारणारा दिवा लावला. शेजारून, मला आणि दिव्याला वळसा घालून जाणारी एक आडवाट नळीही काढली. मला धुताना तेवढ्यापुरतं पाणी तिकडून जावं म्हणून.

पुढे माझ्यात गाळ साचला. नळाला पाणी बारीक येऊ लागलं. मला धुवायला हवं होतं, एवढंच! पण शाळेने बोलावला एक हसरा ठेकेदार. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "परवाना आहे ना?"

"आहे की! पाइप म्हणजे पाइप हो, मॅडम."

त्याचा परवाना घरातले नळ जोडायचा होता. त्याने आडवाट उघडली, माझं तोंड बंद केलं आणि कुणी चाळे करू नयेत म्हणून पाणी उघडबंद करायच्या चाव्यांच्या मुठी काढून खिशात घातल्या.

"बघा, कसं धो धो येतंय!"

सगळे खूश. पाहुणे आले की मुख्याध्यापिका माझ्यावर हात ठेवून म्हणायच्या, "आमची मुलं शुद्ध पाणी पितात." अहो, कसलं शुद्ध? थेंबसुद्धा माझ्यातून जात नव्हता! मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात जायची.

स्वयंपाकीण आजींची नात पहिलीत होती. आजी घरी पाणी उकळायच्या. इथे मात्र स्वतः तिची बाटली भरून द्यायच्या. "टाकीचं आहे बाळा, पी बिनधास्त."

नातीला कावीळ झाली. मग आणखी मुलं आजारी पडली. तेव्हा कुठे त्या पहिल्या बाईंची आठवण झाली. त्यांनी माझा तळाचा नळ सोडला आणि नाकाला पदर लावला. आत जुनं पाणी कुजलं होतं.

ठेकेदाराने हात झटकले. "टाकीच जुनी झालीय. बदलून टाका."

"टाकीला काय झालंय? तुम्ही ती बंद करून ठेवलीत," बाई म्हणाल्या. "पाणी शुद्ध करण्याचा परवाना आहे तुमच्याकडे?"

"नळाचा आहे ना!"

"तो वेगळा. याची परीक्षा वेगळी असते. ती दिली असतीत तर आडवाट उघडी ठेवायला हात धजावला नसता."

आजी पुढे आल्या. "माझी नात खाटेला खिळलीय आणि तुम्ही टाकीला नावं ठेवता? लाज वाटते का काही?"

तो त्यांच्याकडे न बघताच निघून गेला.

बाईंनी माझे थर बदलले, दिवा बदलला, आडवाट बंद केली, पाणी पुन्हा तपासलं. आता मी खरंच काम करते. नात बरी होऊन शाळेत आली, अगदी काडी झालेली. आजींनी बाटली नळाखाली धरली, तर तिने ती ओढून घेतली आणि पळाली. तहानलेली असते, पण माझं पाणी ती पीत नाही. यात माझा काय दोष, सांगा ना!

मित्रांनो, तो ठेकेदार अजून हसत हिंडतोय. उद्या तुमच्या शाळेत येईल. त्याला विचारा, परवाना कशाचा? दाखवा! मोठी माणसं गप्प बसली तरी तुम्ही विचारा. मला ओरडता आलं नाही, तुम्ही ओरडा.