पंधरा सेकंदांचा पूल

दादाने टेपचं टोक धाकट्याच्या हातात दिलं. "कठड्याला घट्ट धर. मागच्या वेळी ढिला धरलास, तीन सेंटिमीटरचा फरक आला."

"पूल काय पळून चाललाय का दादा? तीन सेंटिमीटरने काय बिघडतंय?"

"तुझ्या इंजिनात चालतील तीन सेंटिमीटर?"

धाकट्याने टेप कठड्याला घट्ट दाबला. इंजिनात केसाएवढा फरकही चालत नाही, हे गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नदीकाठच्या त्या गॅरेजात तो वीस वर्षं मोटरसायकली खोलत आणि जोडत आला होता. दादा टेप उलगडत पुढे निघाला, पाठीत जरासा वाकून, नजर जमिनीवर ठेवून. उभं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलेल्या माणसाची ती चाल होती. टेप तीस मीटरचा, त्यामुळे पूल तीन टप्प्यांत मोजावा लागे. प्रत्येक टप्प्याला दादा खडूने रेघ मारी, वही काढी, आकडा लिही आणि वही परत खिशात ठेवी.

"चौऱ्याऐंशी मीटर," पलीकडच्या टोकावरून तो ओरडला. "रुंदी साडेतीन. बरोबर आहे."

बरोबर असणारच होतं. या वर्षात पूल मोजायची ही चौथी वेळ होती.

दर वर्षी तीन दिवस या गावात मोटरसायकलींची रॅली भरायची. वीस वर्षांपूर्वी धाकट्याने सहा मित्रांना जमवून ती सुरू केली. गेल्या वर्षी दोन हजार गाड्या आल्या होत्या. त्या तीन दिवसांत लॉजवाल्याच्या गच्चीवरसुद्धा गाद्या पडायच्या आणि खानावळींत बसायला पाट मिळायचा नाही. उलट शाळेच्या मुख्याध्यापिका खिडक्या लावून घ्यायच्या आणि फळ्यावर लिहूनच शिकवायच्या, कारण बोललेलं पहिल्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. लोकांच्या दारांत गाड्या, कुंड्यांत सिगारेटची थोटकं. एकाला ताप आणि दुसऱ्याला पर्वणी, त्यामुळे गावात वर्षभर या विषयावर जुंपलेली असायची. धाकट्याला दोन्हीकडचे टोमणे ऐकायची सवय झाली होती.

गेल्या वर्षी रॅलीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, वहिनीच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स पाच मिनिटांत दारात आली. दवाखाना नदीपलीकडे, वाट या एकाच पुलावरून. आणि पुलावर त्या वेळी मोटरसायकलींचा ताफा होता. ताफ्यात दोनशे चाळीस गाड्या, दोन-दोनच्या रांगेत. तो अचानक थांबला, आणि पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत ठासून भरला. गाडीत दादा वहिनीच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क धरून बसला होता आणि काचेतून समोरची पाठमोरी जाकिटं बघत होता. नऊ मिनिटं. पलीकडे पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, आधी आल्या असत्या तर वाचल्या असत्या का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

खात्रीने सांगू शकत नाही, हे वाक्य दादाच्या मनात रुतून बसलं. डॉक्टरांना माहीत नसेल तर नसेल. पण गाड्या का थांबल्या, हे तरी माणसाला कळायला नको? वहिनी गेल्यानंतर तेराव्या आठवड्यात त्याने कपाटातून जुना टेप काढला.

येत्या गुरुवारी नगरपालिकेची सभा होती. यंदा रॅलीला परवानगी द्यायची की नाही, हे तिथे ठरणार होतं आणि दादा आपला अहवाल वाचणार होता.

गाड्या का थांबल्या, हे धाकट्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ताफ्याचा कप्तान तोच होता. आणि ताफ्याचा चौथा नियम त्यानेच घातला होता: सायरन ऐकू आला की कप्तान डावी मूठ वर करेल, मूठ दिसली की प्रत्येकाने मूठ वर करून मागच्याला दाखवायची आणि थांबायचं, कप्तानाची मूठ खाली येईपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही. दुसऱ्या गावांतल्या रॅलीवाले सायरनला भीक घालत नाहीत, आपण तसे नाही, याचा त्याला कोण अभिमान. वहिनीसुद्धा म्हणाली होती, "एवढी एक गोष्ट शहाणपणाची केलीत भावजी, नाहीतर तुमचा सगळा कारभार कानठळ्या बसवणारा!"

त्या सकाळी तो नुकताच पुलापलीकडे उतरला होता. मागून सायरन आला. त्याने मूठ वर केली. रांगेमागून रांग शिस्तीत थांबली, काहींनी तर आदराने इंजिनंही बंद केली. पूल मागे आहे आणि तो भरलेला आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. अँब्युलन्स पुढे गेली की मूठ खाली करायची, म्हणून तो वाट बघत राहिला. आणि मागे अँब्युलन्स गाड्या हलण्याची वाट बघत राहिली.

तासाभराने कुणीतरी निरोप आणला, तेव्हा तो अंगातल्या जाकिटासकट दवाखान्यात धावला. "मी पुढे होतो, मला मागचं काही दिसलं नाही," असं तो दादाला म्हणाला. त्यातला शब्दही खोटा नव्हता, आणि तेच वाक्य तो वर्षभर पुरवून वापरत होता.

बाराव्या वर्षी आई गेली तेव्हापासून वहिनीनेच त्याला वाढवलं होतं. शाळेतून पळून गॅरेजात जाऊन बसायचा तेव्हा दादा पट्टा घेऊन निघे आणि वहिनी मध्ये उभी राही. "हात काळे झालेत, तोंड काळं करून तर आला नाहीस ना?" असं म्हणायची आणि त्याच्यापुढे साबण सरकवायची.

पूल मोजून दोघं घरी आले. जेवायच्या टेबलावर दादाने पुलाचा नकाशा पसरला होता. कागद वळू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर डब्यांची झाकणं. पुलावर दोन-दोनचे ठिपके, काही ठिपक्यांजवळ बारीक अक्षरात तारखा.

"हे बघ," दादा म्हणाला. "ताफ्याचा वेग ताशी वीस. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. चालत राहिले असते तर अख्खा पूल रिकामा व्हायला पंधरा सेकंद लागले असते. पंधरा! पुलाच्या अलीकडे-पलीकडे तर बाजूला व्हायला मुबलक जागा आहे. अडचण एवढ्या चौऱ्याऐंशी मीटरांचीच."

"हं."

"एकोणचाळीस जणांना पत्रं लिहिली. सव्वीस उत्तरं आली, त्यांच्या तारखा टाकल्यात. सगळ्यांचं एकच, पुढचा थांबला म्हणून मी थांबलो. मग मी पुढच्याला लिहिलं, तो म्हणतो त्याचा पुढचा." दादाचं बोट ठिपक्यांवरून पुढे सरकत गेलं आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाशी थांबलं. "आता पहिल्या तीन रांगा उरल्यात. सगळे तुमच्या क्लबातलेच. त्यातलं एकही उत्तर आलं नाही."

धाकट्याला कारण माहीत होतं. क्लबातला जाड्या, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याला गॅरेजात येऊन सांगून गेला होता, "आम्ही कुणी तोंड उघडणार नाही. तूही उघडू नकोस. गेलेलं माणूस परत येणार आहे का? उगाच असलेला भाऊ घालवशील." वर हसत म्हणाला होता, "काखेत कळसा नि गावाला वळसा. तुझा दादा टेपचं दुसरं टोक कुणाच्या हातात देतो ते बघितलंस का?"

तेव्हा धाकट्याने त्याच्या अंगावर पाना उगारला होता.

"दादा," तो आता म्हणाला. "मी थांबवलं."

दादाने मान वर केली नाही.

"सायरन ऐकला आणि मूठ वर केली. नियमच तसा होता. मला वाटलं, थांबलो की वाट मिळेल. मी... मी मागे वळून बघितलं नाही."

स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बादलीत ठिबकत होतं. दादाने पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"किती वेळ वर होती मूठ?"

"सात मिनिटं असेल. मग जाड्या मागून धावत आला, म्हणाला, अरे पुलावर अडकलीय. तिथून पुढे गाड्या हलायला दोन."

"सात आणि दोन नऊ," दादा म्हणाला. "जुळतंय."

"दादा, शिव्या दे. काहीतरी बोल."

"मी पूल चारदा का मोजला, असं वाटतं तुला?" दादाचा आवाज अगदी खाली गेला होता. "गेले दोन महिने सगळे आकडे तुझ्यापाशीच येऊन थांबत होते. मला वाटलं, माझंच मोजमाप चुकलं असेल. कुठेतरी मीटर-दोन मीटर. म्हणून परत परत गेलो." त्याने झाकणं उचलली. नकाशा आपोआप गुंडाळला गेला. "जा तू आता. मला लिहायचंय."

गुरुवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला लॉजवाले, खानावळवाले आणि क्लबची माणसं; दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापिका, म्हाताऱ्याकोताऱ्यांची मुलं, पुलाजवळचे रहिवासी. नगराध्यक्षबाई दर दोन मिनिटांनी टेबल वाजवत होत्या. "एकेकाने बोला, हा काय बाजार आहे का?"

"बाई, तीन दिवस सहन केलं की गावाचे सहा महिने निघतात!" लॉजवाला म्हणाला.

"तुमचे निघतात. आमची तीन दिवस झोप निघते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि मागचे लोक हसले.

दादाचं नाव पुकारलं तेव्हा शांत झालं. त्याने चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचला. लांबी, रुंदी, वेग, पंधरा सेकंद, नऊ मिनिटं. आवाज कुठे कापला नाही. शेवटच्या पानावर आल्यावर तो थोडा थांबला.

"ताफा थांबण्याचं कारण," त्याने वाचलं, "मला सापडलं नाही."

धाकट्याने दचकून वर बघितलं. तीस वर्षांत दादाने चुकीचा आकडा कधी कागदावर उतरू दिला नव्हता. सख्ख्या मामाच्या शेताची हद्द त्याने मामाच्या विरुद्ध दाखवली होती, आणि मामा मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नव्हता. तो माणूस चष्मा पुसत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

लॉजवाल्याने संधी सोडली नाही. "म्हणजे कारण माहीतच नाही! मग रॅलीचा दोष कसा? साहेब, तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे, पण वर्षभर टेप घेऊन फिरलात आणि हाती काय लागलं? अहो, पूल लांब आहे एवढं तर आम्हीही सांगितलं असतं!"

चार-पाच जण फिस्सकन हसले. क्लबच्या बाजूनेही कुणीतरी हसलं. दादा कागदांचे कोपरे जुळवत उभा होता. एकदा जुळवले, परत जुळवले.

ते धाकट्याला बघवेना. तो उठला. जाड्याने त्याचं जाकीट खेचलं, ते त्याने सोडवून घेतलं.

"कारण मी आहे," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं, मूठ, नियम, सात मिनिटं. "ज्यांनी गाड्या थांबवल्या त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मी पूल बघितला नाही. दादांचे आकडे बरोबर आहेत. सगळेच्या सगळे."

मग पुलाजवळच्या रहिवाशांतून कुणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्याने त्याला साथ दिली आणि थोड्याच वेळात अर्धं सभागृह टाळ्या वाजवत होतं, जणू कुणी सामना जिंकला होता. नगराध्यक्षबाईंनी वर झालेले हात मोजले. परवानगी नाकारली गेली. लॉजवाला धाकट्याजवळून जाताना म्हणाला, "घरच्यानेच घर बुडवलं," आणि पुढे गेला.

दादा बाहेर पायरीवर उभा होता. टेपची कातडी पिशवी खांद्याला.

"दादा, ते तुला हसले. मला—"

"हसले तर हसले. माझं काय जात होतं?" दादा म्हणाला. "काल रात्रभर त्या एका ओळीपाशी बसलो होतो. तुझ्या वहिनीला विचारत होतो, लिहू का असं? आयुष्यात एकदा खोटं लिहिलं. तुझ्यासाठी. तेही तू टिकू दिलं नाहीस."

"मग काय करायला हवं होतं मी?"

दादाने खरंच विचार केला. प्रश्न कुणाचाही असो, तो विचार केल्याशिवाय उत्तर देत नसे. "माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "तू चूक केलीस असंही म्हणत नाही. पण आता सगळ्या गावाला ठाऊक झालं की ती कशी गेली आणि कुणामुळे. दारात येणारा प्रत्येक जण मला हेच विचारणार, भाऊ येतो का हो अजून घरी? त्याला काय सांगायचं, ते मला कळेपर्यंत येऊ नकोस."

"कधी कळेल?"

"कळलं की निरोप देईन."

त्या वर्षी रॅली झाली नाही. त्या तीन दिवसांत शाळेच्या खिडक्या उघड्या होत्या आणि पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज गॅरेजपर्यंत येत होता. लॉजच्या गच्चीवर गाद्यांऐवजी नुसत्या चादरी वाळत होत्या. क्लबचे लोक हळूहळू दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागले. जाड्या येत राहिला. पण आता तो पूर्वीसारखा हसत नसे.

निरोप आला नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी धाकटा क्लच प्लेट पुसत बसला होता, तेव्हा रस्त्यावरून दादा येताना दिसला. आपली जुनी स्कूटर तो हाताने ढकलत आणत होता. कपाळावर घाम होता. धाकटा उभा राहिला. मागच्या चाकाचा ब्रेक घासत होता, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळलं. फार तर पाच मिनिटांचं काम.

गॅरेजसमोर थोडा चढ होता. दादाचा वेग तिथे कमी झाला. त्याने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि खांदा लावला. मान त्याने सरळ ठेवली होती. दुसरा मिस्त्री बाजारापलीकडे, अजून दोन किलोमीटर पुढे होता.

धाकटा उंबऱ्यापर्यंत आला. हाक त्याच्या तोंडापर्यंत आली होती. पण दादा म्हणाला होता, कळलं की निरोप देईन, आणि दादाने दिलेला शब्द आजवर मोडला नव्हता. तो तिथेच थांबला. चढ संपला, स्कूटर वळणाआड गेली, तरी ब्रेकचं घासणं बराच वेळ ऐकू येत राहिलं.