घागरीपाशी थांबलेला लायनर

मी टँकरच्या मागच्या डाव्या चाकातला ब्रेकचा लायनर बोलतोय. ब्रेक दाबला की मी फिरत्या लोखंडी ड्रमला जाऊन भिडतो. मी झिजतो, गाडी थांबते. झिजण्यासाठीच मला घडवलं. त्याबद्दल तक्रार नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या पाट्या आल्या, कमानी आल्या. पाऊस तेवढा आला नाही. मलप्पा ड्रायव्हर औसा-किल्लारीकडच्या गावांना पाणी पोचवायचा.

नांदेडला इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या पंचशीलाबाई माझ्या झिजेचं गणित मांडत होत्या. दाब, उष्णता, घासण्याचं अंतर यांवरून मी कधी संपेन, ते आधीच सांगायचं. पण मी गणिताच्या दुप्पट झिजत होतो. म्हणून एकदा त्या टँकरमध्येच बसल्या.

"मलप्पाकाका, सारखा ब्रेक का दाबून राहिलात?"

"पाण्यासाठी बाया चालत्या टँकरला लटकत्यात, बाई. न्हाई दाबला तर चाकाखाली येतील."

बाईंनी किलोमीटर मोजणं सोडलं, ब्रेक किती वेळा दाबला ते मोजलं. माझी जाडी पाहून म्हणाल्या, "आजच बदला. लायनर धरून ठेवणारे रिवेट वर यायला लागलेत."

मलप्पानं नवा लायनर मागितला. नव्या जिल्ह्याचं ऑफिस म्हणालं, टँकर जुन्या जिल्ह्याचा, तिकडं मागा. जुनं म्हणालं, टँकर तुम्हाला दिला, तुम्ही बघा. लाज कुणालाच वाटली नाही. टँकर उभा करावा तर गावं कोरडी. मलप्पा तसाच निघाला.

पहिल्या गावात अर्धी टाकी रिकामी झाली. दुसऱ्या गावच्या उतारावर नंबर लावलेल्या घागरींची रांग होती. पहिल्या घागरीशी भामाबाई राखण करत बसलेली. तिचे गुडघे आखडलेले, पटकन उठता येत नसे. टाकीत उरलेलं अर्धं पाणी हिंदकळून मागून ढकलू लागलं. मलप्पा ओरडला. मी ड्रमला घट्ट धरलं. जळालो, रिवेट लोखंडावर किंचाळले. बंपर लागून घागर आडवी झाली, आणि गाडी थांबली.

"मुडद्या, घागर पाडलीस तरी पयला नंबर माझाच हाय!" भामाबाई कडाडली.

मलप्पाला हसू येईना. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो म्हणाला, "मावशे, ब्रेक संपलाय. ऑफिसात कुणी ऐकंना."

"ऐकंना व्हय? बघू की!"

बायांनी पाणी भरलं आणि भरल्या घागरी टँकरच्या चारी बाजूंनी मांडून मधे बसल्या. "लायनर आल्याबिगर गाडी हलायची न्हाई!" निरोप ऑफिसात पोचला, आणि दोन्ही जिल्ह्यांनी टाळलेला लायनर दिवस मावळायच्या आत जीपनं आला.

आता मी पंचशीलाबाईंच्या टेबलावर असतो. मुलं माझ्या ओरखड्यांवरून बोट फिरवतात. बाई सांगतात, "गणित मांडताना भामाबाई धरा."

साहेबलोकहो, तुम्हीही धरा. माझ्यामागून आलेला लायनर वेळेवर बदला. तुमचा कागद फिरत राहील. पण भामाबाईला उतारावरून पटकन उठता येत नाही.