कढत कोंडा

जावातल्या त्या गावात रतिनाहने आणि शेजारच्या वागियेमने एकाच दिवशी कोंबडीची पिल्लं आणली. वागियेमची गुबगुबीत झाली, रतिनाहची हगवणीने वाळत चालली. रतिनाहचा नुसता जळफळाट झाला. वागियेम खाद्यात कसली पूड मिसळते ते तिने कुंपणातून हेरलं, तीच आणली आणि लवकर गुण यावा म्हणून कढत कोंड्यात कालवली. आठवड्यात काही फरक पडेना, तेव्हा तिने नाइलाजाने वागियेमलाच विचारलं.

"कढत कोंड्यात?" वागियेम हसत सुटली. "रतिनाहबाई, त्या पुडीत पोटाला चांगले असे जिवंत जंतू असतात, शिवाय त्यांचं खाणं! कढतात ते मरून जातात. टेंपेचं विरजण तुम्ही कढत सोयाबीनवर टाकता का हो?"

वीस वर्षं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या रतिनाहला चुकीपेक्षा ते हसणंच झोंबलं. तरी घरी येऊन कोंडा निवेपर्यंत ती पातेल्यापाशी बसून राहिली.