गळ्याशी राहिलेला थेंब

"तुम्ही नको हो बाई, धाकटीला पाठवा," मॅडम काचेच्या दाराआडून म्हणाल्या, आणि थोरलीचा हात हातमोज्यात अर्धा शिरून तिथंच अडला.

तसाच अर्धा हात वर धरून तिने मागे हाक दिली, "अगं ए, बोलावणं आलंय तुला. जा, सरकार खोळंबलंय."

धाकटी ओले हात झटकत आली. "मला? ताई, ते ओतायचं काम तर तुमचं ना?"

"होतं," थोरली म्हणाली आणि हातमोजा उलटा ओढून काढला. इतक्या जोरात, की त्याची बोटं आतल्या आत गुंडाळून गेली.

दोघी सख्ख्या जावा. एका घरात नांदायच्या आणि एकाच प्रयोगशाळेच्या भांडारात काम करायच्या. धाकटीला इथं आणलं ते थोरलीनंच. "हिच्या हाताला वळण आहे, मी घेईन सांभाळून," असं तिनंच मॅडमना सांगितलं होतं. आता ते वाक्य आठवलं की तिला आपलीच जीभ चावावीशी वाटे. सांभाळून घ्यायची वेळच आली नाही. धाकटी आली आणि वाऱ्यासारखी सगळीकडे शिरली. पोरीनं मॅडमना हसवलं, आणि ज्या मॅडम कपाळावरची आठी घरून लावूनच येत, त्या चहा प्यायला भांडारात येऊन बसू लागल्या.

आणि एक गोष्ट तर थोरलीला रात्रंदिवस सलायची. इतकी वर्षं हाताखाली काढली, पण मॅडम तिला अजून 'तुम्ही' म्हणत. अहो बाई, हे ठेवा. अहो बाई, ते द्या. धाकटीला मात्र एका हिवाळ्यात 'तू' झालं. 'तू जेवलीस का गं?' हे त्यांच्या तोंडून ऐकलं त्या दिवशी थोरलीला घास गोड लागला नव्हता. मान मिळतो तिथं माया मिळतेच असं नाही, हे तिला तेव्हा कळलं.

घरी तरी वेगळं काय होतं! सासूबाई चहाचा घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "धाकटीनं केलाय ना? वाटलंच." थोरलीनं केलेला असला तर नुसताच पिऊन टाकायच्या.

त्यात आता नवी इमारत उभी राहिली होती. अंगणापलीकडे, पांढरी, मोठाल्या खिडक्यांची. मॅडमचं सगळं काम तिकडे हलणार होतं, आणि भांडारातली एकच बाई सोबत जाणार होती. मागे राहील तिनं या जुन्या खोलीत विद्यार्थ्यांच्या परीक्षानळ्या विसळायच्या. मॅडम याच आठवड्यात सांगणार होत्या. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं, पण दोघी एकमेकींना ताट वाढताना जरा जास्तच अदबीनं वाढत होत्या.

आतून काचेला काच लागल्याचा बारीक आवाज आला. थोरलीनं कान टवकारले. धाकटी ओतत होती.

ओतायची ती वस्तूही मोठी विचित्र. मॅडम तिला आयॉनिक लिक्विड म्हणत. थोरली म्हणे 'पातळ मीठ'. मीठच ते, पण खड्यासारखं न राहता मधासारखं वाहणारं. रंग नाही, वास नाही. स्पिरिट सांडलं तर डोळ्यांदेखत उडून जातं, पाणी सांडलं तर तासाभरात सुकतं. हे मात्र जिथं पडेल तिथं बसून राहायचं. आठवड्यानं बोट लावा, तसंच ओलं. कातडीला लागलं तर आग, डोळ्यात गेलं तर विचारूच नका. शिवाय हवेतली ओल ओढून घ्यायची खोड. म्हणून त्याची बाटली थंड, कोरड्या कपाटात, घट्ट बूच लावून. बाहेर काढली की लगेच उघडायची नाही. अंगावरचा घाम सुकून ती खोलीइतकी ऊबदार झाली की मगच. आणि ओतून झालं की गळा पुसायचा, बूच लावायचं, वरून पातळ पट्टी गुंडाळायची.

हे सगळं धाकटीच्या डोक्यात राहावं म्हणून थोरलीनंच एक कडवं जुळवलं होतं. तिला ती सवयच होती. भांडी घासतानासुद्धा तिच्या तोंडी काहीतरी जुळत असे.

*हातांत मोजे आधी, मग डोळ्यांवर भिंग,*
*घाम सुकू दे बाटलीचा, मग उघड तिचं बिंग.*
*पुसून घे गं गळा तिचा, थेंब नको मागे,*
*झोपवून ये अंधारात, बघ, झोपेत ना जागे.*

धाकटी ते काम करताना गुणगुणे. मॅडमनी एकदा ऐकलं आणि हरखून गेल्या. "वा गं! कसं सुचतं तुला?" दुसऱ्या दिवशी ते मोठ्या अक्षरांत छापून कपाटाच्या दारावर चिकटलं. बाहेरून पाहुणे आले की मॅडम त्यांना उभं करून दाखवत आणि म्हणत, "आमच्या धाकटीनं केलंय हं." धाकटी तेव्हा नखं बघत उभी राही. आणि थोरली? तिनं तोंड उघडून सांगायचं तरी कसं? चार ओळींसाठी भांडायला ती काय लहान होती?

धाकटी बाटली घेऊन आली, कपाटात ठेवली आणि पुन्हा आत पळाली. मॅडमनी कसलीतरी गंमत सांगायला बोलावलं होतं. कपाट लावायच्या आधी एकदा नजर फिरवायची, हे थोरलीचं काम. तिनं वाकून पाहिलं.

बाटलीच्या गळ्याशी थेंब होता. बुचाच्या खाली लोंबून, काचेवरून बोटभर ओघळलेला. दिव्याच्या उजेडात लखलखत होता, एखाद्या गुणी मुलीच्या कानातल्या मोत्यासारखा.

थोरलीचा हात सवयीनं फडक्याकडे गेला. फडकं उचललंही तिनं. तेवढ्यात आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मॅडमचं हसणं, असं मोकळं, असं घरगुती. थोरलीनं ते आपल्यासाठी कधी ऐकलं नव्हतं.

तिनं फडकं घडी करून खाली ठेवलं.

दुपारी मॅडम कपाट बघायला येणारच होत्या, काय काय न्यायचं ते ठरवायला. बघू देत. आपल्या गळ्यातला ताईत कसं काम करतो ते त्यांच्याच डोळ्यांनी बघू देत. कुणाला काही व्हावं असं तिच्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. तिला फक्त कुणीतरी पाहायला हवं होतं.

पण दुपारी मॅडम आल्याच नाहीत. त्यांना बैठकीला जावं लागलं, आणि जाता जाता त्यांनी धाकटीला सांगितलं, बाटली माझ्या टेबलाशी आणून ठेव. थोरली मोरीपाशी पाठ करून भांडी धूत होती. कपाटाचं दार वाजलं तशी ती वळली.

धाकटी उघड्या हातानं बाटली उचलत होती.

"हातमोजे!" हा शब्द थोरलीच्या तोंडाशी आला होता. आला, पण किंचित उशिरा आला. तो 'किंचित' पुढं तिनं कितीदा मोजायचा प्रयत्न केला, कधी मापात बसला नाही.

"बंद बाटली तर आहे, ताई," धाकटी हसून म्हणाली. बाटली टेबलाशी ठेवली आणि कपाळावर आलेली बट तिनं त्याच हातानं मागे सारली. बोट डोळ्याला घासून गेलं. घटकाभर काहीच झालं नाही. मग ती एकदम खाली बसली. "आई गं! ताई! डोळा…"

थोरली कशी पोचली ते तिचं तिलाही कळलं नाही. धाकटीला खांद्याला धरून तिनं डोळे धुवायच्या नळापाशी नेलं, मान वाकवली, आधी तिचे हात धुतले आणि मग पाण्याची धार डोळ्यावर धरली.

"उघड."

"नाही उघडत, ताई, आग होतेय!"

"उघड म्हणते ना! मिटलास तर आतच राहील ते." तिनं दोन बोटांनी पापण्या धरून ठेवल्या. लहान बाळाचं तोंड धुवावं तसं ते तोंड तिच्या तळहातात होतं. इतक्या जवळून तिनं धाकटीला कधी पाहिलंच नव्हतं. हनुवटीवर एक बारीकसा व्रण होता. कधी पडली होती कोण जाणे.

"अजून किती?" धाकटीनं विचारलं.

"मी म्हणेपर्यंत."

"मॅडमना काय सांगायचं? गळा पुसायला मीच विसरले."

थोरलीच्या मनगटावरून पाणी कोपरात, कोपरातून कुशीत चाललं होतं. तिनं धार डोळ्यावरून हलू दिली नाही.

"ताई, ऐका ना. ते गाणं…"

"गप्प बस."

"नाही, बोलू द्या. ते तुमचं आहे असं मी मॅडमना सांगितलंच नाही. सांगणार होते. पण त्यांनी पाठीवरनं हात फिरवला, आणि… बरं वाटलं हो. घरात तेच, इथं तेच. 'थोरलीकडून शीक, थोरलीचा हात बघ.' सासूबाई तर उठता बसता. कान किटले माझे. म्हटलं, एवढं एक राहू दे माझ्या नावावर."

थोरलीची बोटं क्षणभर सैल पडली. "सासूबाई? तुला असं म्हणतात?"

"रोज!"

"मला म्हणतात धाकटीकडून शीक. तुझा चहा…"

"माझा चहा? मला म्हणतात, गढूळ पाणी केलंस!"

पाण्याच्या धारेखालीच धाकटीला हसू फुटलं. तिला ठसका लागला, थोरलीच्या तोंडावर पाणी उडालं, आणि तीही हसली. हसता हसता तिच्या घशाशी तो दुसरा शब्द आला, तो फडक्याचा, तो घडी करून खाली ठेवल्याचा. ओठांपर्यंत आला.

"तोंडात पाणी जाईल," ती म्हणाली. "बोलू नकोस."

हे तिनं कुणाला सांगितलं, कोण जाणे.

डॉक्टरांनी डोळा तपासला. वेळेवर धुतला म्हणून बचावला, म्हणाले. लाली राहील थोडे दिवस, थेंब घाला. घरी थोरलीच थेंब घालायची. धाकटी मांडीवर डोकं टेकून निमूट पडायची, आणि सासूबाई दारातून म्हणायच्या, "थोरली म्हणून निभावलं!" पहिल्यांदाच तोंडावर कौतुक झालं होतं, आणि ते गिळवत नव्हतं.

मॅडमनी बोलावलं ते शुक्रवारी.

"बसा बाई. मी ठरवलंय. तिकडे तुम्ही चला. धाकटी गोड आहे, पण असल्या वस्तूंशी गोडपणा चालत नाही. गळा पुसायला विसरली ना शेवटी."

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं ते पुरतं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर नवी इमारत उन्हात उभी होती.

"तिलाच न्या, मॅडम."

"का? तुम्हाला यायचं नाही?"

"यायचं होतं," थोरली म्हणाली. मग पदर सारखा केला, तो सारखाच होता. "ती विसरली होती. आता जन्मात विसरणार नाही. मी विसरले नव्हते."

मॅडमनी चष्मा काढला. काहीतरी विचारणार होत्या, पण विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या. थोरली उठली तेव्हा त्या कागद चाळू लागल्या होत्या.

"तुम्ही नाही का म्हणालात, ताई?" धाकटीनं घरी सतरांदा विचारलं.

"तिथं लिफ्ट आहे म्हणे. मला घेरी येते."

"लिफ्ट! अहो, दोनच मजले आहेत!"

"मग दोन मजल्यांची घेरी येते," थोरली म्हणाली आणि कूस बदलली.

सामान हललं त्या सकाळी बाटल्या खोक्यांत, खोकी हातगाडीवर, आणि हातगाडी धाकटीच्या हातात. मॅडम शेजारून चालत होत्या. बोलता बोलता त्यांनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, आणि थोरलीच्या आत कुठंतरी चुरचुरलं. अजूनही. ती मनाशीच ओशाळली.

भांडाराचं दार आपोआप मिटणारं होतं. थोरलीच्या हातांत मोजे होते आणि मोजे घातलेल्या हातानं दाराच्या मुठीला शिवायचं नसतं, म्हणून तिनं दार पाठीनं रेटून धरलं. हातगाडी उंबऱ्याशी अडखळली. तिनं पायानं चाक हलकेच पुढं ढकललं.

"येते ताई."

"ये. अंगणात दगड आहेत, जपून."

हातगाडी खडखडत अंगण ओलांडून गेली. खडखड विरली. पलीकडचं पांढरं दार उघडलं, मिटलं. थोरली तशीच उभी होती, दोन्ही हात अंगापासून दूर धरून, पाठीवर दाराचं ओझं घेऊन. आत मोरीत परीक्षानळ्यांचा ढीग पडला होता. आता कुणी येणार नव्हतं, कुणी जाणार नव्हतं. तरी तिनं दार धरून ठेवलं होतं.