मला कागद गुंडाळू नका

मी एक जुनी स्लीव्ह आहे, मित्रांनो, आणि आज माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत! पाय मला नाहीतच म्हणा. मी एक निमुळती, पोकळ पोलादी नळी. लोखंड गरगर फिरवून कातणारं यंत्र म्हणजे लेथ. त्याच्या फिरत्या पोकळ दांड्याचं, म्हणजे स्पिंडलचं, तोंड मोठं आणि त्यात बसवायचं टोकदार सेंटर लहान. या दोघांचं जमवून द्यायचं काम माझं. ना स्क्रू, ना डिंक! स्वच्छ पोलाद स्वच्छ पोलादाला भिडलं की झालं.

माझा जन्मही लेथवरच झाला. मला कातलं, भट्टीत लाल केलं, तेलात बुडवलं आणि मग इतकं घासलं की माझ्या अंगात खिडकी दिसायची. तिथून मी एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात आले. तिथल्या कारागिराला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. "हिने धरलं की सुटायचं नाव नको," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि मी फुशारून जायची.

एके दिवशी मी त्यांच्या हातून निसटले आणि फरशीवर आपटले. अंगावर बारीकसा उंचवटा आला. उस्तादांना तो दिसला नाही. मी बसवल्यावर हलते, एवढंच त्यांना कळलं. मग त्यांनी काय करावं? वर्तमानपत्राची पट्टी फाडून मला गुंडाळली! ऐन कामाच्या वेळी तुम्हाला कुणी गोधडीत गुंडाळलं तर कसं होईल? हलणं थांबलं, पण कागद एकीकडे दबला आणि सेंटर डुलायला लागलं. सेंटरवर टेकवून कातायचा दांडा, म्हणजे शाफ्ट, उलटा करून लावला की दोन टोकांचा मेळ बसेना. गिऱ्हाइकं माल परत आणू लागली.

दोष मात्र लेथच्या माथी आला. "म्हातारा झाला तो," उस्ताद म्हणाले आणि भंगारवाल्याला सांगून आले. बोलताना ते स्वतःच्याच हातांकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं.

त्यांची सून त्यांच्याच हाताखाली लेथ शिकली होती. लेथ गेला की तिचंही काम जाणार होतं. भंगारवाला यायच्या दिवशी तिने स्पिंडलमागून दांडा घालून मला बाहेर काढलं.

"बाबा, हा कागद कशाला?"

"हलते ती. कागदाशिवाय बसत नाही."

"पूर्वी बसायची ना?"

उस्ताद लांब जाऊन उभे राहिले.

तिने कागद सोलला, मला पुसलं आणि अंगभर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला. स्पिंडलमध्ये घालून थोडं फिरवलं, बाहेर काढलं. रंग एकाच ठिपक्यावर पुसला गेला होता. सापडलं माझं दुखणं! तिने तेल लावलेल्या बारीक दगडाने तो उंचवटा घासायला घेतला. लांब उभे असलेले उस्ताद चष्मा पुसत जवळ आले.

"हलक्या हाताने. नुसता उंचवटाच जाऊ दे."

"तुम्हीच करा ना मग."

त्यांनी दगड हातात घेतला. परत रंग, परत घासणं. शेवटी रंग सगळीकडे सारखा पुसला गेला. दोघांनी मला आणि स्पिंडलला आतून-बाहेरून लख्ख पुसलं. उस्तादांनी तळव्याने मला एकच दाब दिला आणि मी घट्ट बसले. काय सांगू मित्रांनो, किती दिवसांनी कुणाला तरी पक्कं धरलं होतं मी!

दारात ट्रक थांबला. सुनेने शाफ्ट लावला, कातला, उलटा केला. लेथ हळूहळू फिरवत तिने मापाच्या डायलचा काटा टेकवला. काटा जागचा हलला नाही. डुलणं गेलं होतं!

"चला, उचलायचा ना म्हातारा?" भंगारवाला दोर घेऊन आत आला.

"म्हातारा कोण म्हणालं त्याला?"

"तुम्हीच म्हणालात."

"माझं काय ऐकतोस? हिला विचार. यापुढे लेथ हिच्या ताब्यात," उस्ताद म्हणाले.

सुनेने उत्तरादाखल लेथ सुरू केला, आणि तेव्हापासून मी फिरतेच आहे!

मित्रांनो, मला पुसून ठेवा, आपटू नका, आणि कागद तर मुळीच गुंडाळू नका. आणि कुणी नीट चालेनासं झालं, तर लगेच त्याचं वय काढू नका. आधी त्याला कुठे लागलंय का, ते बघा.